चक्रीवादळाची पूर्वतयारी: पथके येईपर्यंतचे दोन दिवस कोणाचे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घरी होतो. त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा मी काढतो आहे तो त्यानंतरच्या दोन दिवसांसाठी, कारण सरकारी पूर्वतयारी म्हणून आपण जे मोजतो आणि गावाला खरोखर जे लागते, यांतला फरक मला त्या दोन दिवसांत दिसला.

इशारा आम्हाला वेळेवर मिळाला होता, हे आधी स्पष्ट लिहितो. आदल्या दिवशीच तलाठी आणि पोलीस पाटील दारोदार फिरले, कच्च्या घरांतील माणसांना शाळेत हलवले, होड्या वर ओढून घ्यायला लावल्या. टाळेबंदीचा काळ होता, तोंडाला मुखपट्टी लावून, एकमेकांपासून अंतर राखून हे सगळे करावे लागत होते. एवढ्या मोठ्या वादळात माणसे फार कमी दगावली, याचे श्रेय त्या एका दिवसाच्या कामाला आहे आणि ते द्यायलाच हवे.

दुपारी वारा आधी डोंगराच्या बाजूने आला, मग थोडा वेळ पडल्यासारखा वाटला आणि त्यानंतर समुद्राकडून आला. त्या दुसऱ्या वाऱ्याने आमचे माड-पोफळीचे आगर गेले. माड मुळापासून उन्मळतो, त्याचा धप्प असा एकच आवाज येतो. पोफळ मात्र मध्यावर मोडते आणि मोडताना बांबू फाटल्यासारखी करकरते. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा आजोबांच्या हातच्या पोफळीच्या रांगांमध्ये कमरेएवढ्या उंचीची खोडे तेवढी उभी होती, घराची निम्मी कौले अंगणात होती आणि गावातून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या दीड किलोमीटरच्या वाटेवर आम्ही नंतर मोजली तेव्हा एकतीस झाडे आडवी पडलेली होती. त्यांत विजेचे खांब आणि तारा गुंतलेल्या होत्या. फोन मुके झाले होते.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके जिल्ह्यात आधीच येऊन थांबली होती आणि त्यांनी रात्रंदिवस काम केले. पण पथक एका रस्त्यावर असते आणि वाड्या शेकडो असतात. आमच्या वाडीत ते पोहोचणार कसे, रस्ताच नव्हता. रस्ता मोकळा केला तो आमच्याच मुलांनी, कोयत्या, कुऱ्हाडी आणि एका बागायतदाराच्या पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीने. ती करवत दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडली, कारण पेट्रोल संपले, आणि पेट्रोल आणायला जायचे तर रस्ता करवतीनेच मोकळा व्हायचा होता. शेजारच्या वाडीतील एका आजोबांच्या पायात पत्रा घुसला होता. त्यांना खाटेवर घालून, पडलेल्या झाडांवरून उचलून नेत दवाखान्यात पोहोचवायला साडेचार तास लागले.

म्हणून मला सर्वांना एक प्रश्न विचारायचा आहे. आपापल्या गावात झाडे कापायची यांत्रिक करवत, जनित्र आणि दोन दिवसांचे इंधन सार्वजनिक मालकीचे आहे का? असेल तर ते कोठे ठेवलेले आहे, चालू स्थितीत आहे का, आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे? नौदल, तटरक्षक दल, लष्कर यांच्या तयारीविषयीही जाणकारांनी लिहावे, म्हणजे त्यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची आणि कशाची नाही, हे आम्हाला कळेल.

निवृत्त_नौसैनिक

अपेक्षेचा प्रश्न आपण योग्य विचारला आहे. सैन्यदलांविषयी लोकांच्या मनात असा एक समज असतो की वादळ आले की सैन्य आपोआप येते. प्रत्यक्षात देशांतर्गत आपत्तीत तिन्ही दले नागरी प्रशासनाच्या मदतीला येतात, त्याच्या जागी येत नाहीत. मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा राज्य शासनाकडून जाते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि कामाचा क्रम ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहतो. दले मात्र मागणीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसत नाहीत. इशारा आला की मुंबईतील पश्चिम नौदल मुख्यालयाच्या अखत्यारीत पाणबुडे आणि पूर मदत पथके सज्ज होतात, जहाजांवर अन्न, पाणी, तंबू आणि औषधे चढवली जातात आणि हेलिकॉप्टरे उड्डाणासाठी तयार ठेवली जातात.

समुद्रात काय करता येते आणि काय येत नाही, हे तौक्ते वादळाच्या वेळी देशाने पाहिले. १७ मे २०२१ रोजी ते वादळ मुंबईजवळून उत्तरेकडे सरकत असताना बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्याच्यावर २६१ माणसे होती. अशा तराफ्याला स्वतःचे इंजिन नसते, तो ओढून न्यावा लागतो, त्यामुळे नांगर सुटल्यावर तो समुद्राच्या हवाली होतो. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौका तशा हवेत तेथे गेल्या. अंधारात, उंच लाटांवर, जीवरक्षक जाकिटे घालून तरंगणारी माणसे एकेक करून वर घेतली. जहाज आणि माणूस एकाच लाटेवर नसतात. जहाज खाली येते तेव्हा माणूस वर गेलेला असतो. जाळीला हात लागला तरी तास न् तास पाण्यात राहिलेल्या बोटांत धरायची ताकद उरलेली नसते. ज्यांनी हे काम कधी केले आहे, त्यांनाच कळेल की १८६ जण वाचवणे म्हणजे काय होते.

तरीही पाऊणशे माणसे गेली. हवामान विभागाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून येत होते. ज्या दिवशी तो तराफा बंदरात आणण्याचा निर्णय व्हायला हवा होता, त्या दिवशी समुद्र शांत होता. नौदलाला शौर्य दाखवावे लागले, याचा अर्थ त्याआधीच्या साखळीत कोठेतरी निर्णय चुकला होता. शौर्याचे कौतुक करताना आपण त्या निर्णयाची चौकशी विसरतो, याचे मला फार वाईट वाटते.

महानदी_ते_मुळा

मी नोकरीनिमित्त बारा वर्षे भुवनेश्वरमध्ये राहिलो. धागाकर्त्यांच्या किल्लीच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर ओडिशाकडे आहे, म्हणून लिहितो.

२९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्राचे पाणी गावांवरून गेले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत राज्याने स्वतःचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभे केले, देशाचा कायदा येण्याच्या सहा वर्षे आधी. २००१ मध्ये राज्याचे स्वतःचे जलद कृती दल आले. पुढे किनाऱ्यावर आणि पूरक्षेत्रांत आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे बांधले गेले. हे निवारे खांबांवर उचललेले असतात, म्हणजे खालून पाणी गेले तरी वरची माणसे कोरडी राहतात, आणि एरवी त्यांत शाळा किंवा अंगणवाडी भरते. रोजचा वापर असल्यामुळे दार गंजत नाही, छत गळले तर लगेच कळते.

मी पाहिलेल्या एका निवाऱ्यात एक लोखंडी कपाट होते. त्यात यांत्रिक करवत, दोर, स्ट्रेचर, भोंगा, कंदील आणि प्रथमोपचाराची पेटी होती, बाजूच्या खोलीत जनित्र होते आणि भिंतीवर गावातील स्वयंसेवकांची नावे रंगवलेली होती: शोध आणि सुटका कोण, प्रथमोपचार कोण, निवारा सांभाळणार कोण. दरवर्षी १९ जूनला सराव होतो. त्या दिवशी करवत बाहेर काढून चालवून पाहतात. एका काकूंनी मला सांगितले होते की भोंगा वाजला की कोणत्या घरातील म्हातारीला कोण उचलणार, हे सुद्धा ठरलेले असते.

फळ काय मिळाले, तेही सांगतो. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन गोपाळपूरजवळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधी हलवले होते आणि मृतांची संख्या दोन अंकीच राहिली. ३ मे २०१९ रोजी फनी पुरीला धडकले, तेव्हा सुमारे बारा लाख लोक हलवले गेले आणि चौसष्ट माणसे गेली. मात्र पुरी शहराचा वीजपुरवठा फनीनंतर आठवडे विस्कळीत होता, त्यामुळे ओडिशाने सगळे प्रश्न सोडवले आहेत असे मी म्हणणार नाही. माणूस वाचवणे त्यांना साधले. घर, वीज आणि झाडे वाचवणे तेथेही साधलेले नाही.

मंडळ_अधिकारी_निवृत्त

महसूल खात्यात तीस वर्षे काढली, म्हणून कागदावरची आणि जमिनीवरची दोन्ही बाजू लिहू शकतो.

हवामान विभाग चार टप्प्यांत सूचना देतो. पहिली पूर्वसूचना बहात्तर तास आधी येते, सावधगिरीचा इशारा अठ्ठेचाळीस तास आधी, प्रत्यक्ष इशारा चोवीस तास आधी, आणि वादळ जमिनीवर आल्यानंतर ते पुढे कोठे जाईल याचा अंदाज साधारण बारा तास आधी. यांतले अठ्ठेचाळीस ते चोवीस हे तास खालच्या यंत्रणेसाठी सर्वांत मोलाचे असतात. चोवीस तासांच्या आत पाऊस लागतो, लाइट जाते, गाड्या अडकतात. पहिल्या सूचनेच्या वेळी आकाश निरभ्र असते आणि लोक घर सोडायला तयार होत नाहीत. "साहेब, ऊन पडलंय, कशाला घाबरवता?" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले असेल.

घर न सोडण्यामागे हट्ट नसतो. गोठ्यात म्हैस असते, कपाटात जमिनीचे कागद असतात, घरात तरुण मुलगी असते आणि शाळेच्या एका खोलीत साठ माणसांमध्ये तिला रात्र काढायला कोण पाठवील? ज्या निवाऱ्यात बायकांसाठी वेगळे शौचालय नाही आणि गुरांसाठी छप्पर नाही, तेथे लोक पोलिसांनी नेले तरी दोन तासांनी परत येतात. मी स्वतः परत आलेली माणसे पुन्हा नेली आहेत. त्यामुळे स्थलांतराची तयारी म्हणजे किती बस तयार ठेवल्या, एवढेच नव्हे, हे वरच्यांनी समजून घ्यावे.

पंचनाम्याचाही एक शब्द. निसर्गच्या वेळी बहुवार्षिक बागांसाठीचा हेक्टरी अठरा हजारांचा दर राज्याने वाढवून पन्नास हजार केला, हे चांगलेच झाले. पण आमच्याकडे दहा-पंधरा गुंठ्यांचे आगर असते, एकाच सातबारावर सात भाऊ असतात, त्यांतले चार मुंबईत. पोफळ लावल्यापासून हाती उत्पन्न यायला सहा-सात वर्षे लागतात आणि मोजणी हेक्टरची होते. नुकसान झाडांत मोजले जावे, अशी मागणी बागायतदारांनी तेव्हा केली, ती माझ्या मते रास्त होती.

देवबागची_लेक

खाडीकाठ यांनी जमिनीवरचे लिहिले, मी दर्यावरचे लिहिते. माझे वडील आणि दोन्ही भाऊ मासेमारी करतात.

आमच्याकडे वादळाची खूण म्हणजे बंदरावरचा बावटा. तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर पडायच्या नाहीत, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण बावटा बंदरातल्या माणसाला दिसतो, चाळीस सागरी मैल बाहेर जाळी टाकून बसलेल्याला दिसत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक नौका बाहेरच होत्या आणि बरीच माणसे परत आली नाहीत. आमच्या वाडीत एका घरी अजूनही दिवाळीनंतर आकाशकंदील उतरवत नाहीत. तो नोव्हेंबर उलटेपर्यंत पडवीत जळत ठेवतात.

तेव्हापासून सुधारणा झाल्या आहेत. तटरक्षक दलाची विमाने आणि गस्तीनौका समुद्रात फिरून ध्वनिक्षेपकावरून आणि व्हीएचएफ रेडिओ संचावर मराठी, हिंदी, गुजरातीत सूचना देतात. इस्रोने तयार केलेल्या उपग्रह-आधारित ट्रान्सपॉन्डरमुळे मोबाइलची रेंज नसतानाही दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतो. असे एक लाख संच बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्येच झाली. योजना चांगली आहे. माझी काळजी लहान होडीची आहे. दहा-बारा हाताच्या पातीला संच कोण लावणार, आणि लावला तरी खारे पाणी आणि बॅटरी यांचे रोजचे भांडण कोण सांभाळणार?

अजून एक. बाहेर असताना इशारा मिळाला तरी माणूस लगेच वळत नाही, कारण डिझेल आणि बर्फाचे पैसे कर्जाचे असतात आणि रिकामी होडी आणली तर ते फिटत नाहीत. इशाऱ्यामुळे परत फिरलेल्या नौकेला त्या फेरीच्या डिझेलची भरपाई ठरावीक मुदतीत मिळाली, तर मी खात्रीने सांगते, नौका वेळेत वळतील.

सह्याद्री_पायथा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. गावपातळीवर साहित्य देण्याचे प्रयोग पूर्वीही झाले आहेत आणि वर्षभरात ते साहित्य धूळ खात पडते किंवा कोणाच्या तरी घरी जाते. त्यापेक्षा कोकणात कायमचा तळ हवा. राष्ट्रीय दलाची आपल्याकडील बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. वादळे आणि महापूर कोकणात येतात आणि दले घाटावर राहतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तळीयेवर दरड कोसळली, तेव्हा घाटरस्ते बंद होते. महाडला कायमचे पथक असावे, ही मागणी त्यानंतर सतत होत आहे आणि ती पूर्ण व्हायला हवी.

निवृत्त_नौसैनिक

तळाच्या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र तळ झाल्यावर साहित्याची गरज संपेल, असे समजू नये. एका पथकात साधारण पंचेचाळीस जवान असतात. एका तालुक्यात शंभरावर वाड्या असतात. जिल्ह्यात दहा पथके असली तरी पहिल्या छत्तीस तासांत ती मोजक्या ठिकाणी, म्हणजे रुग्णालय, मुख्य रस्ता, कोसळलेली इमारत येथेच गुंतलेली असणार, आणि ते योग्यही आहे. करवत धूळ खाते, हे खरे. जहाजावर आग विझवायचा पंप वर्षभर लागत नाही, तरीही तो दर आठवड्याला सुरू करून पाहतात आणि वहीत सही करतात. ज्या यंत्रावर कोणाची सही नसते, ते यंत्र गरजेच्या वेळी चालत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

महानदी_ते_मुळा

सह्याद्री_पायथा यांच्या आक्षेपाला जोडून: ओडिशात निवाऱ्याची देखभाल समिती गावाचीच असते आणि इमारत लग्नाकार्याला भाड्याने देऊन ती खर्चासाठी थोडे पैसेही उभे करते. जनित्र लग्नात चालते, त्यामुळे वादळातही चालते. आपल्याकडे राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोवा आले. निवारे आणि भूमिगत वीजवाहिन्या हा त्याचा गाभा होता. अलिबाग शहरातील वीजवाहिन्या त्याखाली जमिनीखाली गेल्या. माझ्या मते कोकणासाठी सर्वांत मोठा फायदा याच कामाचा आहे, कारण आमच्या ओडिशात लाटेने माणसे मेली, तर तुमच्याकडे झाड तारेवर पडते आणि तालुका महिनाभर अंधारात जातो. वीज गेली की नळाचे पाणी जाते, मोबाइलचा मनोरा जातो, गिरणी बंद पडते, दवाखान्यातील लसींचा शीतकपाट बंद पडतो.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले, कारण मध्यंतरी आमच्या ग्रामसभेत हा विषय घेतला आणि त्याचे काय झाले ते पाहूनच लिहायचे ठरवले होते.

सभेत मी तोच प्रश्न विचारला. कळले असे की आमच्या गावाकडे करवत आहे. वादळानंतर मदत म्हणून आलेली, शाळेच्या मागच्या खोलीत, खोक्यासकट. किल्ली आधीच्या शिपाईमामांकडे होती आणि ते निवृत्त होऊन मुलाकडे पनवेलला गेले आहेत. सभा संपल्यावर आम्ही पाच-सहा जणांनी कुलूप तोडले. करवतीची साखळी गंजून घट्ट बसली होती. मी आणि गावातल्या एका दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मुलाने ती दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवली, नवी घातली, आणि परवा सकाळी शाळेच्या आवारातील वाळलेला आंबा कापून पाहिला.

नौसैनिक काकांची वही सुरू केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करवत आणि जनित्र पाच मिनिटे चालवायचे आणि चालवणाऱ्याने सही करायची. पाच लिटरचे दोन कॅन पेट्रोल ठेवण्याची जबाबदारी त्या बागायतदारांनीच घेतली, ते दर दोन महिन्यांनी वापरून नवे भरतील. देवबागच्या ताईंचा डिझेल भरपाईचा मुद्दा ठराव म्हणून तालुक्याला पाठवला आहे. बायकांच्या शौचालयाचा प्रश्न सभेतील बायकांनीच उचलला आणि शाळेत दोन शौचालयांची मागणी आराखड्यात घालून घेतली. गुरांच्या छपरावर अजून एकमत झालेले नाही.

किल्ल्या आता तीन आहेत. एक ग्रामपंचायतीत, एक मुख्याध्यापिकांकडे आणि एक शाळेसमोरच्या दुकानदाराकडे, कारण त्याचे दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडे असते आणि तो मागेच राहतो.